काशीयात्रा : बेताच्या खर्चात, सावकाश आणि पायी

काशीला एकदा जायचे आहे, असे आपल्याकडे घरोघरी वर्षानुवर्षे बोलले जाते. प्रत्यक्ष जाणे मात्र लांबणीवर पडत राहते. निवृत्तीची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्यासाठी शाखेत येणारे ज्येष्ठ ग्राहक हा विषय काढतात, तेव्हा दोन अडचणी हमखास सांगतात : खर्च आणि गुडघे. सहलीचा दर ऐकून आज पाऊल मागे घेतले जाते आणि पाच-सात वर्षांनी पैसा जमला तरी गुडघे नकार देतात. प्रस्तुत लेखकास बदलीच्या निमित्ताने वाराणसीत वास्तव्याचा योग आला. तेथे जे पाहिले त्यावरून खात्रीने म्हणता येते की, हे शहर मुळी बेताच्या पैशांत येणाऱ्या यात्रेकरूला डोळ्यांपुढे ठेवूनच वाढले आहे. आणि त्याच्या घडणीत मराठी पैसा फार मोठ्या प्रमाणावर लागलेला आहे.

प्रथम भूगोल. जुने वाराणसी गंगेच्या डाव्या, उंच काठावर वसले आहे. समोरचा काठ सखल, वाळूचा आणि जवळजवळ मोकळा आहे. त्यामुळे नदीतून पाहिले असता एखाद्या टेकडीवरचे गाव पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्यात उतरत असावे, असा भास होतो. या पायऱ्या म्हणजेच घाट. त्यांची संख्या 84 सांगितली जाते आणि दक्षिणेकडील अस्सीपासून उत्तरेकडील राजघाटापर्यंतचे अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर भरते. या वाटेवर तिकीट नाही, फाटक नाही. वाराणसीत पाहण्यासारखे जे आहे त्यातील निम्म्याहून अधिक या वाटेवरच आहे.

येथे मराठी वाचकाला नावे ओळखीची वाटू लागतात. दशाश्वमेधाला लागून अहिल्याबाई घाट आहे. विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभारले. 13 डिसेंबर 2021 रोजी खुल्या झालेल्या विस्तीर्ण परिसरात त्यांची मूर्तीही आहे. पुढे मणिकर्णिका ओलांडली की शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो 1830 च्या सुमारास बांधला. बांधकाम इतके अवजड झाले की घाटाचा भाग खचला. शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर तर आजही एका बाजूस कललेले दिसते. त्यानंतर नागपूरकरांचा भोसले घाट आणि पुढे पंचगंगा. पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुन्हा उभे केले. त्यापलीकडे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट येतात. या परिसरातील गल्ल्यांमधून मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्याही आधी, 1573 मध्ये, संत एकनाथांनी आपले भागवत वाराणसीतच पूर्ण केले. अस्सीच्या बाजूस भदैनी येथे राणी लक्ष्मीबाईंचे स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे काशीत चिमाजी आप्पांच्या पदरी होते.

संस्थानिकांनी हा पैसा केवळ वैभव दाखवण्यासाठी ओतला असे नव्हे. घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्र ही तिन्ही कामे एकत्र केली जात. कारण दूरवरून चालत आलेल्या माणसाला स्नान, निवारा आणि जेवण या तिन्हींची गरज असे. प्रवाशाच्या पैशांची व्यवस्थाही होती. रोकड जवळ बाळगणे धोक्याचे असल्याने गावच्या सावकाराकडे रक्कम भरून बनारसच्या पेढीवरील हुंडी घेतली जाई. आपण ज्या व्यवसायात आहोत त्याचीच ही पूर्वपीठिका, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

आता हिशेबाकडे वळू. या यात्रेचा सर्वांत मोठा खर्च जाण्यायेण्याचा आणि तो वाचवण्याचा मार्ग म्हणजे वेळेवर आरक्षण. मुंबईहून महानगरी व कामायनी, पुण्याहून ज्ञानगंगा अशा थेट गाड्या आहेत. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 ऐवजी 60 दिवसांवर आली, हे जुन्या सवयीच्या प्रवाशांनी ध्यानात घ्यावे. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये स्थगित करण्यात आली; खालच्या बर्थचा कोटा मात्र वेगळा असतो, तो मागावा. स्थानकांच्या नावांचा घोळ टाळावा. पूर्वीचे मंडुआडीह आता ‘बनारस’ आहे, तर पूर्वीचे मुघलसराय 2018 पासून ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय’ आहे. हे दुसरे स्थानक नदीपलीकडे, पंधरा-सोळा किलोमीटरवर पडते. रात्री उशिरा तेथे उतरले तर तिकिटात वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

निवास कोठे घ्यावा, यावर मतभेद संभवतात. स्थानकाजवळची लॉज स्वस्त दिसतात, पण मग रोज दोनदा वाहन करावे लागते आणि गर्दीच्या वेळी तेही घाटापासून बरेच अलीकडे थांबते. अगदी पाण्यालगतची खोली मोहक खरी. परंतु प्रत्येक वेळी पन्नास-साठ पायऱ्या चढाव्या लागतात. लेखकाच्या मते दशाश्वमेध किंवा अस्सीच्या वरच्या गल्लीतील, रस्त्याच्या पातळीवरची धर्मशाळा अथवा साधे अतिथिगृह सर्वांत किफायतशीर. दिवसातून एकदाच उतरावे, एकदाच चढावे. खोली पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम भरू नये आणि तळमजला आग्रहाने मागावा. गुडघ्यांचा प्रश्न येथेच अर्धा सुटतो.

उरलेला अर्धा नावेने सुटतो. पहाटे अस्सीहून उत्तरेकडे चालत निघावे. सूर्य समोरच्या वाळूवर उगवतो. थकवा येईल तेथे थांबून सामायिक नावेने परतावे. संपूर्ण नाव ठरवण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. दर माणशी की नावेचा, एका बाजूचा की दोन्ही, हे बसण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. संध्याकाळची दशाश्वमेधावरील आरती पायऱ्यांवर बसून विनामूल्य दिसते.

विश्वनाथाचे दर्शन सामान्य रांगेतून विनामूल्य असते. ज्यांना उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी सशुल्क सुगम दर्शनाची सोय आहे. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. ‘लॉकर फुकट’ म्हणणारा दुकानदार पूजेची टोपली गळ्यात मारतो, म्हणून न्यासाचा लॉकर वापरावा, किंवा फोन खोलीवरच ठेवून थोड्या सुट्या नोटा जवळ बाळगाव्यात. नावाडी आणि चहावालेही आता मोबाइलवर पैसे स्वीकारतात, तरी सर्वस्वी त्यावर विसंबू नये. मणिकर्णिकेवर लाकडासाठी दान मागणारे भेटतात. कोणाची तरी चिता तेथे जळत असते आणि माणूस संकोचाने पाकीट उघडतो. नम्रपणे नकार द्यावा आणि छायाचित्रे काढू नयेत. जेवणाची चिंता नसावी. अन्नपूर्णा मंदिराचे अन्नक्षेत्र आजही यात्रेकरूंना विनामूल्य जेवू घालते आणि कचोरी-जिलेबीची न्याहारी खिशाला जड जात नाही.

काळाची निवड चुकली तर मात्र सारे नियोजन कोलमडते. जुलै ते सप्टेंबर गंगा चढते, खालच्या पायऱ्या बुडतात आणि घाटांची सलग वाट बंद होते. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीस खोल्यांचे दर अनेक पटींनी वाढतात. डिसेंबरअखेर व जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. महाशिवरात्रीची गर्दी टाळून फेब्रुवारी किंवा मार्चचा पूर्वार्ध गाठावा.

चार दिवस हाती असल्यास एक दिवस सारनाथला द्यावा. ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे. आपल्या प्रत्येक नोटेवर छापलेली अशोकाची सिंहमुद्रा तेथील संग्रहालयात समोर उभी असते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. परतीचे आरक्षण करताना तेवढा वार पाहून घ्यावा.