ॲबट पॉइंट : खाणीचे माप ठरवणारा धक्का

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यावरचे बोवेन हे आंब्याचे गाव. तिथल्या ‘केन्सिंग्टन प्राइड’ आंब्याचे मूळ बी भारताशी घोड्यांचा व्यापार करणाऱ्या जहाजांतून आले, असे मानले जाते. गावाच्या वायव्येला पंचवीसेक किलोमीटरवर ॲबट पॉइंट आहे. किनाऱ्यापासून जवळपास पावणेतीन किलोमीटर समुद्रात गेलेल्या इथल्या धक्क्यावरून १९८४ पासून कोळसा जहाजांत भरला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये अदानी समूहाच्या कारमायकल खाणीतला निर्यातीचा पहिला कोळसा याच धक्क्याशी जमा झाला. त्याआधी दहा वर्षे जगभर वाद झाला तो खाणीच्या नावाने. पण त्या खाणीचे आकारमान ठरले ते इथे, किनाऱ्यावर आणि इथवर येणाऱ्या रुळांवर, असे मला ठामपणे वाटते.

गॅलिली खोऱ्यातला कोळसा बराच काळ नुसताच ठाऊक होता. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि मधे रूळ नाहीत, म्हणून कारमायकलपूर्वी तिथे एकही खाण सुरू झाली नव्हती. समूहाने २०१० मध्ये कोळशाचे हक्क घेतले आणि लगेच पुढच्या वर्षी सुमारे १८३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून हा धक्का ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. मूळ बेत वर्षाला ६ कोटी टनांचा आणि ३८८ किलोमीटरच्या स्वतंत्र रेल्वेचा होता. २०१८ मध्ये तो आकसून सुरुवातीला सुमारे १ कोटी टनांवर आला. साडेतीन फुटी रुळांचा २०० किलोमीटरांचा फाटा टाकून तो जुन्या मार्गाला जोडायचे ठरले. जमिनीखालचा कोळसा तेवढाच होता; खाण बेतली गेली ती जुन्या वाटेच्या मापाने.

खरे कारण पैशाची टंचाई होते, असे कोणी म्हणेल. बँका मागे हटल्या हे खरेच आहे. पण पैसा कुठे अडला तेही पाहायला हवे. रेल्वेसाठी मागितलेले ९० कोटी डॉलरचे सरकारी कर्ज डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने नकाराधिकार वापरून थांबवले. म्हणजे अडचण खोदण्याची नव्हती, कोळसा समुद्रापर्यंत नेण्याची होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खाणीला रोखले ते निसर्गाच्या प्रश्नांनी. २०१५ मध्ये दोन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मुद्द्यावर मंजुरी रद्द झाली, पुढे काळ्या गळ्याच्या फिंच पक्ष्याचा आणि भूजलाचा प्रश्न आला. डूंगमाबुल्ला झरे वांगान आणि जगलिंगू या आदिवासी समाजाला पवित्र आहेत. ते आटण्याची भीती कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही, आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. तरीही या प्रश्नांनी खाण लांबवली, लहान केली नाही. रद्द झालेली मंजुरी त्याच वर्षी परत मिळाली आणि शेवटचे परवाने २०१९ मध्ये हाती आले. याउलट, ॲबट पॉइंटच्या विस्तारासाठी उपसलेला ३० लाख घनमीटर गाळ ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानात टाकण्याची परवानगी निघाली, तेव्हा असा क्षोभ उसळला की तो बेत सोडावा लागला. २०१५ मध्ये अशा गाळाला उद्यानात कायद्याने बंदी झाली, आणि नवा धक्का उभा राहिलाच नाही.

मग रोजगाराचे काय? दहा हजार नोकऱ्यांचा गाजावाजा झाला होता, पण न्यायालयात कंपनीच्याच अर्थतज्ज्ञाने १,४६४ हा आकडा दिला. भारताला वीज हवी, हा मुद्दा मात्र खोटा नाही. पण तो कोळसा जाळावा की नाही याचे उत्तर देतो. या एका ठिकाणाहून किती निघेल, याचे नाही.

त्याचे उत्तर धक्क्यापाशी आहे. त्याची क्षमता वर्षाला ५ कोटी टन आहे, आणि त्यावरून जुन्या खाणींचा कोळसाही जातो. २०१५ ची मंजुरी मात्र ६ कोटी टनांपर्यंतच्या खाणीला होती. कारमायकल पुन्हा फुगू लागली, तर त्याची पहिली खूण खोऱ्यात दिसणार नाही. ती बोवेनजवळच्या पाण्यात गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या रूपाने दिसेल.