पायांतून प्रकाश : जुन्या सायकलीचे घरगुती जनित्र

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांवर पावसाळी रात्री वीज गेली, की ती केव्हा परतेल याचा भरवसा नसतो. अंधार एकवेळ सोसता येतो. परंतु भ्रमणध्वनी बंद पडला असता सर्पदंशाच्या किंवा अडलेल्या बाळंतपणाच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी कशी? दाट ढगांच्या दिवसांत सौर पॅनेलही पुरेसे साथ देत नाही. अशा घरी अडगळीतील सायकल उपयोगी पडते.

प्रथम अपेक्षा नेमकी ठेवावी. सराव असलेला प्रौढ माणूस तासभर सुमारे ७५ वॅट शक्तीने पायडल मारू शकतो. त्यातील साधारण ५० वॅट विजेच्या रूपाने हाती येते. म्हणजे एक युनिट विजेसाठी वीस तास! याच जिल्ह्यातील भंडारदरा धरणावरील १२ मेगावॅटच्या जलविद्युत केंद्राची बरोबरी करण्यास एकाच वेळी सुमारे २ लाख ४० हजार माणसे सायकलीवर बसवावी लागतील. फ्रीज किंवा मिक्सर यांचा विचार येथे नकोच. मात्र अर्ध्या तासाच्या श्रमांत ५ वॅटचा एलईडी दिवा तीन-चार तास जळतो, किंवा एक भ्रमणध्वनी भारित होतो.

रचना साधी आहे. मागचे चाक जमिनीपासून उचलले जाईल असा भक्कम लोखंडी स्टँड करून घ्यावा. टायर-ट्यूब काढून रिमच्या खाचेत पट्टा बसवावा व तो २४ व्होल्टच्या, मिनिटाला सुमारे २,७०० फेऱ्यांच्या, कायम चुंबकाच्या डीसी मोटरच्या कप्पीवर घ्यावा. रिम ६० सेंटिमीटरची व कप्पी ५ सेंटिमीटरची असल्यास मोटर चाकाच्या बारापट वेगाने फिरते. पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांत चाक सुमारे १४५, तर मोटर सुमारे १,७४० फेऱ्या घेते आणि साधारण १५ व्होल्ट दाब निर्माण होतो. पुढे डायोड, चार्ज नियंत्रक, फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी हा क्रम असावा. डायोड नसेल, तर पाय थांबताच बॅटरीच मोटर फिरवू लागते. चाक जड असल्यास गती एकसारखी राहते. नागपूरचे प्रा. जे. पी. मोडक यांनी याच तत्त्वावर, पायडलने जड चक्रात ऊर्जा साठवून विटा घडविणारे यंत्र विकसित केले.

हे जनित्र घराच्या वायरिंगला कदापि जोडू नये. इन्व्हर्टरमार्गे उलट गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. दिवा आणि चार्जर थेट बॅटरीवरच चालवावेत. पट्टा व साखळी यांवर जाळीचे आवरण असावे. लहान मुलांची बोटे आणि साडीचा पदर त्यांपासून दूर राहिले पाहिजेत. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी.

आता शरीराचा हिशेब. ७५ वॅटचे काम करताना स्नायू त्याच्या सुमारे चौपट ऊर्जा खर्च करतात. तासाला साधारण २६० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ एका ज्वारीच्या भाकरीएवढी. वीज म्हणून हा सौदा महागच. व्यायाम म्हणून मात्र उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. रोज अर्धा तास, पाच दिवस पायडल मारल्यास तो पूर्ण होतो. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतकाच वेग ठेवावा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी बैठक उंच करावी. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर तत्काळ थांबावे.

घरातील चौघांनी पाळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटे दिली, तर कोणा एकावर भार पडत नाही. पाऊस लागण्यापूर्वीच बॅटरी भरून ठेवण्याची सवय लावावी; संकटाच्या रात्री माणसाने पायडल मारत बसावे, हे योग्य नव्हे.