कालव्याचा खर्च कोण तपासतो?

गटात फिरताना ‘कालव्याला पाणी कधी?’ हे आम्ही रोज ऐकतो. धरणाच्या अंदाजपत्रकाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते. दर, भूसंपादन, संकल्पचित्र बदललं की सुधारित मान्यता लागते. विदर्भातलं गोसीखुर्द १९८३ साली ३७२ कोटींचं होतं. २०१६ साली आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला! वाढीव प्रस्ताव राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे आपल्या नाशकातच, छाननीला येतो. महालेखापाल तपासतात तो बहुधा झालेला खर्च. बैल गेला नि झोपा केला. टेलच्या चारीला किती पाणी पोचलं, ते मात्र पाणीवापर संस्थेच्या वहीतच कळतं. वाघाडवर संस्था पाणी मोजून घेतात. आडसालीची नोंद देण्याआधी आपल्या चारीची वही बघून या.