सिंगापूरचे ‘लायन्स’ आशिया चषकात कसे पोहोचले?

पासिर रिस हे इथल्या मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचे पूर्वेकडचे शेवटचे स्टेशन. त्याच्या अलीकडचे टॅम्पिनीस. तिथल्या टॅम्पिनीस रोव्हर्स क्लबाला घडवणारे पस्तिशीतले गॅव्हिन ली 2025 मध्ये राष्ट्रीय संघाचे हंगामी प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी सिंगापूरने आशिया चषकात जागा मिळवली. त्याआधी हा देश त्या स्पर्धेत एकदाच खेळला होता, तोही 1984 मध्ये यजमान म्हणून. पात्रता मिळवून जाण्याची ही पहिलीच वेळ.

गटात सिंगापूर, भारत, हाँगकाँग आणि बांगलादेश असे चार संघ होते आणि पुढे एकच जाणार होता. जागतिक क्रमवारीत भारत व हाँगकाँग दोघेही सिंगापूरच्या वर. खरी कलाटणी मिळाली ती आपल्या ओळखीच्या मडगावात. 14 ऑक्टोबरला फातोर्डा मैदानावर छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली, पण सोंग उई-योंगने दोन गोल करून सामना फिरवला. हा सोंग जन्माने कोरियन, 2021 पासून सिंगापूरचा नागरिक. भारताची आशा तिथेच मावळली. (माझी अवस्था विचारू नका. गोल कोणाचाही झाला तरी अर्धे मन रडत होते.)

18 नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये शेवटची गाठ होती. दोघांचे गुण सारखे, आठ-आठ. मध्यंतरापर्यंत सिंगापूर एका गोलने मागे. मग शवाल अनुआरने बरोबरी साधली आणि लगेच इल्हान फांदीने विजयी गोल केला. इल्हान म्हणजे थोर खेळाडू फांदी अहमद यांचा मुलगा. एक सामना बाकी असतानाच जागा पक्की झाली.

याचे महत्त्व का, ते सांगते. आग्नेय आशियाची स्पर्धा सिंगापूरने 1998, 2004, 2007 आणि 2012 अशी चारदा जिंकली होती. 2010 च्या विश्वचषकाचे स्वप्नही सरकारने मोठ्या थाटात जाहीर केले होते, ते फसले. देश छोटा, मैदाने थोडी. मुलगा अठरा वर्षांचा झाला, खेळात रंगू लागला, की दोन वर्षांची लष्करी सेवा. इस्राएलमधल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या इमारतीखाली तर ‘फुटबॉल खेळू नये’ अशी पाटीच आहे. हाँगकाँगच्या विजयानंतर मुले संध्याकाळी तिच्याखालीच खेळत होती, आणि कोणी हटकले नाही.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना 1964 चा आशिया चषक आठवत असेल. तो इस्राएलमध्ये झाला, इस्राएलनेच जिंकला आणि भारत दुसरा आला. चारच संघ होते. त्यांत हाँगकाँगही होते. आता चोवीस असतात.

पुढची स्पर्धा 2027 च्या जानेवारीत सौदी अरेबियात आहे. तिथल्या आणि इस्राएलच्या घड्याळात तेव्हा तासाभराचाच फरक असेल. आमच्याकडे पाच तासांचा, म्हणजे तिथला संध्याकाळचा सामना इथे मध्यरात्री.