हातच्याने गिळलेला आठ

संख्यांच्या सहवासात : भाग ११

मागच्या आठवड्यात १४२८५७ पाहिली. आजची संख्या सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची जी नावं आहेत, त्यांत परार्ध अठरावं. आपली संख्या त्याच्या एक घर अलीकडे, ‘मध्य’ या स्थानी थांबते. एवढी मोठी, तरी पहिलीतलं मूल ती एका दमात म्हणून दाखवेल.

ही संख्या म्हणजे १११११११११चा, नऊ एकांचा वर्ग. तो असा कसा येतो हे पाहायला तीनच एक पुरेत. चौकटीच्या वहीत १११ लिहा. त्याखाली एक घर डावीकडे सरकून पुन्हा १११, त्याखाली आणखी एक घर सरकून पुन्हा १११. आता प्रत्येक उभ्या रकान्यात किती एक आहेत ते मोजा : एक, दोन, तीन, दोन, एक. झाला गुणाकार, १२३२१. नऊ ओळींची अशीच उतरंड रचली की मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक येतात, आणि कुठेही हातचा धरावा लागत नाही. सगळी शोभा या हातचा नसण्यात आहे.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव. कल्पना तिथे सुचली, म्हणून हे नाव. संशोधनाला गावच्या स्टेशनचं नाव देणारा हा शाळामास्तर मला फार जवळचा वाटतो. कुळाची खूण अशी, की डावा आणि उजवा तुकडा मिळवला की मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. आपल्या संख्येत मधला ९ बाजूला ठेवा : १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

आता एकच एक वाढवू. दहा एकांचा वर्ग : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा झाले, तिथे शून्य मांडून हातचा एक डावीकडे गेला. शेजारच्या नऊचे दहा झाले, म्हणून तिथेही शून्य, आणि हातचा आणखी पुढे. तो आठला लागला आणि आठचा नऊ झाला. हातचा डावीकडेच जातो, म्हणून उजवीकडचा आठ शाबूत राहिला.

आठ नसलेली आणखी एक संख्या अनेकांना शाळेपासून ठाऊक असेल : १२३४५६७९. तिला नवाने गुणलं की नऊ एक येतात. हा आठ कुठे गेला? १ला ८१ने भागा. उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आणि १/८१ म्हणजे १/९ गुणिले १/९, म्हणजे ०.१११… गुणिले ०.१११…. तीच एकांची उतरंड, फक्त न संपणारी! इथेही दहाच्या रकान्यातून हातचा निघतो, नऊचं शून्य करतो आणि आठचा नऊ.

वहीत आता अकरा एकांचा वर्ग मांडून पाहा. पुढच्या आठवड्यात कापरेकरांचीच ६१७४.