नगरसेवक बदरुद्दीन तय्यबजी

न्या. बदरुद्दीन तय्यबजींचे नाव आपल्या घरांत निघते ते बहुधा दोन कारणांनी. ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष झाले (मद्रास, १८८७) आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. सीएसएमटीसमोरची अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत पाहिली की तिसरे कारणही आठवते. पण या सगळ्याआधी, वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते मुंबई महापालिकेचे सभासद होते. आम्हाला आज त्यांच्या याच, काहीशा विसरलेल्या ओळखीबद्दल लिहायचे आहे.

त्यांचा जन्म १८४४ चा. घराणे सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचे, वडील व्यापारी. मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन आणि १८६० मध्ये थेट विलायत. त्या काळी मुस्लिम घरातून इतक्या कोवळ्या वयाच्या मुलाला समुद्रापार धाडणे ही साधी गोष्ट नव्हती. डोळ्यांच्या त्रासामुळे मध्येच परत यावे लागले, पण ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. थोरले बंधू कमरुद्दीन त्याआधीच सॉलिसिटर झाले होते.

वकिली जमत होती, पैसा येत होता. मग गटार, पाणी आणि घरपट्टीच्या कारभारात हा माणूस का शिरला? त्यासाठी तेव्हाची मुंबई पाहावी लागते. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेला होता. हे कमिशनर म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. त्यांच्या नावाच्या मार्केटात आपण आजही खरेदीला जातो. माणूस कर्तबगार होता, शहर साफ करण्याचा त्याला ध्यास होता, पण खर्चाला लगाम नव्हता. कर भरणाऱ्यांनी १८७१ मध्ये आवाज उठवला : पैसा आमचा, मग हिशेब आम्हाला का नाही? त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन बनली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार मूठभर पैसेवालेच होते, हेही सांगितले पाहिजे. तरी अधिकाऱ्याला बजेटबद्दल जाब विचारण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बदरुद्दीन तिथे सभासद झाले. फिरोजशहा मेहताही त्याच पिढीचे, तेही बॅरिस्टर.

वकिलांची ही गर्दी योगायोगाने झालेली नव्हती. पालिकेचा कारभार कलमांवर चालतो. कमिशनरला कुठपर्यंत अधिकार आहे, कोणत्या खर्चाला सभेची मंजुरी लागते, नोटीस किती दिवसांची, हे ज्याला वाचता येते त्याच्याशी अधिकारी जपून बोलतो.

असेच दुसरे नाव रहिमतुल्ला सयानी यांचे. हे खोजा समाजातले, १८६८ मध्ये एम.ए., १८७० मध्ये एलएल.बी. १८७६ पासून ते पालिकेत होते आणि १८८८ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. मुंबई महापालिका आजही ज्या कायद्याने चालते, तो याच वर्षीचा. १८८५ च्या पहिल्या काँग्रेसला हजर असलेल्या दोन मुसलमानांपैकी ते एक. १८९६ मध्ये तेही काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आज त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे?

बदरुद्दीन पालिकेत गेल्यावर एकाच वर्षाने, १८७४ मध्ये, अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. तिच्या संस्थापकांत दोघे तय्यबजी बंधू होते. कौमची शाळा आणि शहराचा कारभार ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करत होते. एकासाठी दुसरे सोडावे असे त्यांना वाटले नाही. १८८२ मध्ये ते कायदेमंडळात गेले, १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी नाकारलेला जामीन त्यांनीच दिला.

आता आपल्या मीरा रोडकडे येऊ. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे इथे आली आणि इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. २०१७ च्या निवडणुकीत ९५ नगरसेवक निवडून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता. म्हणजे क्रॉफर्डचाच काळ म्हणा ना.

जानेवारी २०२४ मध्ये नया नगरमध्ये तणाव झाला. मग २३ तारखेला बुलडोझर आले आणि दुकानांची बांधकामे पाडली गेली. बांधकामे बेकायदा होती, असे पालिकेचे म्हणणे. त्या दिवशी सभागृहात उभे राहून नोटीस कधी दिली, कोणाला दिली, असे विचारू शकणारा एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की किमान १५ दिवसांच्या नोटिशीशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामे मात्र यातून वगळली आहेत. दुकान नेमके कुठे येते, हे नकाशा आणि कागद घेऊन बसणाराच सांगू शकतो.

आपल्या वस्तीत वकील होणारी मुले-मुली आता कमी नाहीत. पण नगरसेवक म्हटले की आईबापांच्या कपाळाला आठी पडते. राजकारण घाण आहे, शरीफ घराचे काम नाही, असे ऐकू येते. घाण आहे हे खोटे नाही. मात्र नगरसेवक होण्यासाठी वकिली सोडावी लागत नाही, बदरुद्दीननीही सोडली नव्हती. आणि आता निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर अनेकदा नाव बाईचे आणि कारभार नवऱ्याचा असतो. कायदा शिकलेली मुलगी तिथे बसली, तर स्थायी समितीपुढे आलेला प्रस्ताव ती स्वतः वाचेल, आणि सहीसुद्धा वाचल्यावरच करेल.