सात दिवसांचें घर

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुलांना घेऊन आजोळीं जावें, आंब्याफणसांचे दिवस तेथें काढावे आणि मृगाच्या आधीं परतावें, ही आपल्या घरांची जुनी चाल. ती आतां बरीच मागें पडली आहे. आजोळचीं घरें एक तर बंद आहेत, किंवा त्यांत एखादें वृद्ध जोडपें राहतें. आणि मुलेंनातवंडें पुणें, मुंबई, बंगळूर, क्वचित् परदेशीं पांगलीं आहेत. अशा कुटुंबांना वर्षांतून एकदां एका छपराखालीं आणण्याचें आश्वासन देणारा एक नवा व्यवहार गेल्या तीसचाळीस वर्षांत आपल्याकडे रूढ झाला आहे. त्यास टाइमशेअर म्हणतात. ही घराची खरेदी नव्हे. घरांत राहण्याच्या काळाची खरेदी होय. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं असा एक हिस्सा घेतला असून, त्या हक्कानें यंदाच्या मे महिन्यांत आम्ही घरचीं अकरा माणसें दक्षिण गोव्यांत समुद्रकांठीं सात दिवस राहून आलों. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां निघेल. म्हणून या व्यवहाराचें स्वरूप आणि आमचा अनुभव येथें मांडीत आहों.

काळाची वांटणी हे शब्द ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. परंतु आपल्या समाजाला ही कल्पना अपरिचित नाहीं. पुजाऱ्यांच्या घराण्यांत देवाच्या पूजेची पाळी भावाभावांत वांटलेली असते, आणि अशी पाळी हा मिळकतीसारखा वारशानें चालणारा हक्क आहे, असें न्यायालयांनींही मानलें आहे. कोंकणांत खोतीचा कारभार भाऊबंद आळीपाळीनें पाहत. १९४९ च्या कायद्यानें खोती नष्ट होईपर्यंत ही वहिवाट होती. पाटाच्या पाण्याची पाळी तर आजही खेडोपाडीं चालते.

याच कल्पनेला व्यापाराचें रूप युरोपांत मिळालें. १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हापिमाग नांवाची संस्था निघाली. सभासदांनीं तिचे भाग घ्यावे आणि ठिकठिकाणच्या तिच्या घरांत सुटीपुरतें राहावें, अशी ती योजना होती. १९७४ सालीं अमेरिकेंत आर. सी. आय. ही संस्था स्थापन झाली. तिच्यामुळें एका गांवच्या आठवड्याच्या बदल्यांत दुसऱ्या गांवचा आठवडा घेण्याची सोय झाली. आपल्या देशांत स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्यें आणि महिंद्र हॉलिडेज १९९६ मध्यें सुरू झाली.

मात्र जुनी पाळी आणि ही नवी पाळी यांत एक मूलभूत भेद आहे. पूजेची पाळी असणाऱ्याचें देवस्थानाशीं पिढीजात नातें असे. खोताच्या भावाचा जमिनींत अंश असे. आपल्याकडील बहुतेक टाइमशेअर व्यवहारांत जागा, इमारत आणि तिची वाढती किंमत हीं कंपनीचीं. सभासदाला मिळतो तो ठराविक वर्षें, ठराविक दिवस राहण्याचा परवाना. पाळी आहे, पण वतन नाहीं. एवढें एक वाक्य ध्यानांत ठेवलें, तर या व्यवहारासंबंधींचे निम्मे गैरसमज टळतील.

आतां आमच्या मुक्कामाविषयीं. मडगांव स्टेशनावर उतरून पश्चिमेस वळलें कीं अर्ध्यापाऊण तासांत सासष्टीचा किनारा लागतो. येथली वाळू वीस किलोमीटरांहून अधिक लांब सलग पसरलेली आहे. किनाऱ्याच्या आंतल्या बाजूनें साळ नदी समुद्राला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि बेतूलपाशीं त्याला मिळते. जवळच बाणावली गांव. सह्याद्रीवरून परशुरामानें सोडलेला बाण जेथें पडला तें हें ठिकाण, अशी कथा आहे. नातवंडांना ती सांगितली, तेव्हां धाकट्यानें बाण शोधण्यासाठीं दोन दिवस वाळू उकरली.

राहण्याची जागा स्वच्छ होती. दोन निजण्याच्या खोल्या, एक बैठक आणि लहानसें स्वयंपाकघर असा एक गाळा. एका गाळ्यांत किती माणसांनीं राहावें याचा नियम कडक असल्यामुळें अकरा जणांस दोन गाळे लागले. दुसरा गाळा गेल्या वर्षीं न वापरलेल्या दिवसांच्या बदल्यांत मिळाला. मे महिन्यांतील दिवस सर्वांनाच हवे असतात. म्हणून नोंदणी कित्येक महिने आधीं करावी लागली.

पहांटे कोळी रांपण ओढीत. अर्धवर्तुळांत टाकलेलें तें लांबलचक जाळें दोन्ही टोकांनीं किनाऱ्याकडे खेंचतांना पाहणें हा मुलांचा नित्याचा कार्यक्रम झाला. पावसाळ्यांतील मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते, म्हणून त्या दिवसांत होड्यांची लगबग विशेष होती. मेच्या उत्तरार्धांत समुद्राची ओढ वाढते. तांबडें निशाण लागलें असतां पोहणाऱ्यानेंही पाण्यांत उतरूं नये, आणि मुलांना गुडघाभर पाण्यांतही एकटें सोडूं नये.

एक दिवस आम्ही फोंडा महालांत देवदर्शनास गेलों. श्रीमंगेश हा मूळचा किनाऱ्याजवळच्या कुशस्थळीचा. पोर्तुगीज अमदानींत, १५६० सालीं, भक्तांनीं त्याला प्रियोळास नेलें. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. या देवळांभोवतीं दूरदेशींच्या कुळावी मंडळींसाठीं अग्रशाळा आहेत. समुद्रकांठच्या आमच्या गाळ्यांतून निघून त्या अग्रशाळेच्या ओसरीवर बसलों असतां, वर्षांतून कांहीं दिवस राहण्याच्या दोन रीति शेजारीं शेजारीं दिसल्या. एक नात्यावर चालते, दुसरी करारावर. करारावरचें घर वाईट असें नव्हे. परंतु करार शब्दशः वाचावा लागतो, नात्याला ती गरज नसते.

चौथ्या दिवशीं संस्थेच्या एका विक्रेत्या तरुणानें आम्हां सर्वांस चहाला बोलाविलें. कुटुंब मोठें, तेव्हां हिस्सा वाढवून मोठा गाळा घ्यावा; आज सायंकाळपर्यंत सही केल्यास सवलत, उद्यां नाहीं, असें त्याचें म्हणणें. धाकटे चिरंजीव अनुकूल दिसले, थोरले गप्प राहिले. तेव्हां आमच्या ऐंशी वर्षांच्या अक्कानें विचारलें,

"बाळ, या घराचें छप्पर गळलें तर दुरुस्त कोण करतें?"

"आजी, कंपनी करते. आपल्याला कांहीं पाहावें लागत नाहीं."

"आणि कंपनी पैसे कोठून आणते?"

"सभासदांच्या वार्षिक वर्गणींतून."

"म्हणजे आम्हीच करतों. मग घर कोणाचें?"

तरुण सुस्वभावी होता. हंसला, पण उत्तर देऊं शकला नाहीं. सही त्या दिवशीं झाली नाहीं. कागद मात्र आम्ही मागून घेतले.

रात्रीं आम्हीं मुलांना पाटीवरचें गणित घालावें तसा हिशेब घातला. आंकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनीं आपले घालावे. समजा, हिस्स्याची किंमत ५,००,००० रुपये, मुदत २५ वर्षें आणि दरसाल ७ रात्री. एकूण रात्री १७५. म्हणजे एका रात्रीस सुमारें २,८५७ रुपये. विक्रेता बहुधा येथेंच थांबतो. आतां वार्षिक वर्गणी २०,००० धरली, तर तीही रात्रीस २,८५७ च पडते. बेरीज ५,७१४. वर्गणी दरसाल शेंकडा ५ प्रमाणें वाढली, तर पंचविसाव्या वर्षीं ती सुमारें ६४,५०० होते. वाढ सोडून दिली आणि आजारपण, परीक्षा, लग्नकार्यें यांमुळें २५ पैकीं १० वर्षें जाणें चुकलें, तर रात्री उरतात १०५. किंमत व वर्गणी मिळून १०,००,००० रुपये तेवढ्यांवरच वांटावे लागतात, आणि रात्र ९,५२४ रुपयांस पडते. शिवाय मूळचे ५ लक्ष शेंकडा ७ दरानें ठेवींत असते, तर वर्षास ३५,००० व्याज येऊन मुद्दल शाबूत राहिलें असतें. यापुढें त्याच गांवच्या चांगल्या हॉटेलचें भाडें मांडावें, म्हणजे निर्णय आपोआप होतो. जें कुटुंब न चुकतां दरवर्षीं जातें, त्याला हा व्यवहार परवडूं शकतो. जें जात नाहीं, तें दुसऱ्यांच्या सुटीचा खर्च भरतें.

कायद्याची बाजूही पाहावी. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाप्रमाणें तेथील ग्राहकाला सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देतां करार मोडतां येतो. आपल्या करारांत अशी मुदत आहे का आणि किती दिवसांची, हें सहीपूर्वीं वाचावें. तोंडीं आश्वासन कागदावर मागावें. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अंमलांत असून, त्याखालीं सेवेंतील त्रुटीबद्दल तक्रार करतां येते आणि कराराच्या अनुचित अटी राज्य आयोगापुढें नेतां येतात.

एवढें लिहून आम्ही थांबलों असतों, तर वाचकांस वाटलें असतें कीं जुन्या घराचा कैवार घेऊन मास्तर नव्या सोयीस नांवें ठेवीत आहेत. तसें नाहीं. राजापूर तालुक्यांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या माजघराचें छप्पर दोन पावसाळे गळत आहे. हिस्सा वाढविण्याची रक्कम आणि त्या छपराचा खर्च जवळजवळ सारखा. आम्हीं हें बोलून दाखविलें आणि सुटी यापुढें गांवींच काढावी असें सुचविलें, तेव्हां थोरल्या सूनबाई नम्रपणें पण स्पष्ट म्हणाल्या, "मामंजी, गांवीं सुटी तुम्हां सर्वांची असते. आम्ही पहांटे चारपासून चुलीशीं असतों. येथें ती आमचीही आहे."

या बोलण्यास उत्तर नव्हतें, कारण तें सत्य होतें. त्या सात दिवसांत यजमान कोणी नव्हतें, पाहुणा कोणी नव्हता. दोन्ही चिरंजीवांनीं आळीपाळीनें खिचडी रांधली, आणि सासूसुना वाळूवर बसून सूर्यास्त होईपर्यंत बोलत राहिल्या. असा आठवडा विकत मिळत असेल, तर त्याची किंमत केवळ हॉटेलच्या भाड्याशीं ताडून चालणार नाहीं.

अखेर घरांत ठरलें तें असें. हिस्सा वाढवावयाचा नाहीं. आहे तो मुदत संपेपर्यंत वापरावयाचा, आणि कोणत्या ऋतूंत कोठें जावयाचें हें घरांतील स्त्रियांनीं ठरवावयाचें. वाचलेल्या रकमेंतून राजापूरच्या घराचें छप्पर पावसाळा संपतांच दुरुस्त करावयाचें. दिवाळीस चार दिवस सर्वांनीं तेथें जमावयाचें, आणि त्या चार दिवसांपुरता गांवांतील एक आचारी आधींच सांगून ठेवावयाचा.